सुदामचा गाळा लहान का राहिला

सन २०२५. माझं वय एकोणऐंशी. सकाळचे आठ वाजायला आले होते, चिंचपोकळीच्या आमच्या गाळ्याचं शटर मी अर्धं वर केलं होतं आणि खिशातला फोन वाजला. वैशालीचा. सुदामची मुलगी. ती फोनवर पहिलं "काका, चहा झाला का?" विचारते. त्या दिवशी विचारलं नाही. "दत्तूकाका, बाबा गेले," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "बरं." साठ वर्षांचा दोस्त गेला आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर बरं... मग शटर तसंच अर्धं ठेवून आत गेलो आणि स्टुलावर बसून राहिलो. आज त्याला दीड महिना झाला. मध्ये कुठल्याशा पेपरात त्याच्यावर चार ओळी छापून आल्या, 'एक पैसा लाच न देता चाळीस वर्षं कारखाना चालवणारा माणूस' म्हणून. गल्लीतल्या पोरांनी ते कात्रण मोठं करून भिंतीवर लावलंय, त्याला हार घातलाय. मी चौथी शिकलेला माणूस, माझं काम लेथवर, लिहिणं माझं काम नाही. पण त्या चार ओळी खऱ्या नाहीत आणि हे पहिल्यापासून बघितलेला माणूस मी एकटा उरलोय. म्हणून लिहितो. शुद्धलेखन पेपरवाले बघतील.

त्याची-माझी शेवटची भेट तो जायच्या चार दिवस आधीची. सरकारी इस्पितळ, जनरल वॉर्ड, पण खाट खिडकीजवळची. आदल्या दिवशी तो दाराशी होता, जाणारा-येणारा त्याच्या पायाला धक्का देऊन जायचा. त्याने वॉर्डबॉयला हात जोडून सांगितलं, "बाबा, जमलं तर खिडकीकडे हलव." मी जिन्यात त्याच वॉर्डबॉयच्या खिशात नोट सरकवली. दुसऱ्या दिवशी गेलो तर सुदाम खिडकीशी, तोंडावर ऊन, खूश. "बघितलंस दत्त्या? नीट मागितलं की मिळतं." मी म्हटलं, "हो, मिळतं." मग थोडा वेळ श्वास जमवत राहिला आणि म्हणाला, "आयुष्यात एक रुपया कुणाला दिला नाही रे. दिला का? तू साक्षीदार आहेस. सांग ना, दिला का?" मी म्हटलं, "नाही, मेल्या, तू नाही दिलास." तो म्हणाला, "वैशालीला सांगत जा. ती घाबरते." मी म्हटलं, सांगेन... आणि डबा उचलून निघालो.

सुदामचा हा हट्ट कुठून आला ते त्यानेच मला सांगितलं होतं, आम्ही दोघं लालबागला एका मोठ्या वर्कशॉपात टर्नर होतो तेव्हा. त्याचा बाप गिरणीत मुकादमाला चिरीमिरी देऊन लागला होता. काम मिळालं, पण पुढं जन्मभर बाप त्या मुकादमाची भाजीची पिशवी घरी पोचवत राहिला. सुदाम लहान असताना पिशवीचा एक बंद त्याच्या हातात असायचा. म्हणाला, "दत्त्या, एकदा दिलं की माणूस आयुष्यभर खालच्या पायरीवर." पस्तिशीत त्याने बायकोचे दागिने मोडून हा गाळा घेतला, एक जुनी लेथ घेतली आणि मला म्हणाला, चल. मी गेलो. पगारी फोरमन म्हणून गेलो, पण आमच्यात मालक-नोकर असं काही नव्हतं. पंपाला लागणारे पितळी बुश आणि नट आम्ही काढायचो, पुढं सहा-आठ माणसं झाली. माल एक नंबर. आमचा बुश परत आला असं कधी झालं नाही, हे मी छाती ठोकून सांगतो. बाकी ज्या गोष्टीला छाती ठोकता येत नाही ती आता सांगतो.

गाळ्यात एक पोटमाळा होता, आम्ही घेतला तेव्हापासूनचा. आपल्या भागात असा गाळा शोधून सापडणार नाही ज्यात पोटमाळा नाही आणि त्याचा कागद एक सांगतो, उंची दुसरं सांगते. सुदाम पितळ घ्यायला बाजारात गेला होता, तेव्हा तपासणीचे एक साहेब आले. कुठल्या खात्याचे ते लिहीत नाही, कारण पुढं खाती बदलली तरी येणं तसंच राहिलं. साहेबांनी मान वर केली. "हा मंजूर आहे?" मी म्हटलं, मालक आले की कागद दाखवतील. साहेब म्हणाले, "तुमच्या मालकांना मागच्या महिन्यात भेटलो. कागदच दाखवत बसतात. माणसाची भाषा येते का त्यांना? सील लागलं की आठ माणसं रस्त्यावर, तुम्ही पण."  माझ्या घरी तेव्हा तीन पोरं शाळेत. साहेब निघता निघता माझ्या लेथजवळ थांबले. मी उरलेल्या पितळेच्या तुकड्याचा एक छोटा दिवा काढून ठेवला होता, तो हातात घेऊन म्हणाले, "छान हात आहे तुमचा. मुलीचं लग्न आहे आमच्या. समया करता येतात का?"

त्या रविवारी मी गाळा उघडला. सुदाम रविवारी यायचा नाही. स्वतःच्या पैशाने पितळी गज आणले होते. बैठक काढली, खांब काढला, तबकडी काढली, आटे पाडून एकात एक बसवलं. दोन समया, कमरेएवढ्या उंच. सांगायला लाज वाटते, पण एवढं सुबक काम मी आयुष्यात दुसरं केलं नसेल. बायको मालवणकडची, तिला पिशवीत काय आहे ते दिसलं. म्हणाली, "आपल्या घरात एक समई नाय, नि सायबाच्या घराक जोडी! येड लागला तुमका?" मी म्हटलं, लग्नाची भेट आहे. ती म्हणाली, "भेट देवक तुमका आवतण खंय इला?" आता ती नाही. असती तर हे लिहिताना पण एखादा टोमणा मारला असता.

पोटमाळ्याबद्दल परत कुणी विचारलं नाही. सुदाम आनंदात. "बघ, तीन-तीन झेरॉक्स काढून फाइल पुरी ठेवली, साहेब निमूट गेले." तिथं तोंड उघडायला हवं होतं. पण तो इतका खूश होता... मी म्हटलं, एकदाच तर झालंय. मग ते साहेब बदलून गेले, दुसरे आले. जाताना पहिल्यांनी दुसऱ्यांना सांगितलं असणार की मालकाशी बोलू नका, फोरमनशी बोला, कारण दुसरे थेट माझ्या लेथपाशी आले आणि समयांचं विचारलं. किती घरांत माझ्या समया लागल्यात कोण जाणे. कोणी म्हणायचं नाही की ही लाच आहे. समई देणं शुभ. पुढच्या साहेबांना समईचं कौतुक नव्हतं, त्यांना पाकीट हवं होतं. मग माझा दिवाळीचा बोनस सुदामच्या हातून माझ्या हातात यायचा आणि आठवड्यात साहेबांकडे जायचा. म्हणजे पैसा सुदामचाच होता, फक्त त्याला माहीत नव्हतं. मी स्वतःला सांगायचो की दत्तू, तू आठ चुली चालवतोस. अभिमान पण वाटायचा. खोटं का बोलू.

आता यातनं काय झालं ते लिहितो, कारण कळायला मला वीस वर्षं लागली. पहिलं असं झालं की सुदाम उपदेश करायला लागला. गल्लीतल्या लहान कारखानदारांना चहावर बोलावून सांगायचा, "कागद पुरा ठेवा आणि देऊ नका. काही होत नाही. माझ्याकडे बघा." लोक त्याच्याकडे बघायचे. समोरच्या गल्लीत रमाकांत म्हणून पॉलिशवाला होता, भोळा गडी, चार माणसं कामाला. त्याने सुदामचं ऐकलं आणि साहेबांना तोंडावर नाही म्हटलं. दोन महिन्यांत त्याला सील लागलं. सील काढायला तो वर्षभर खेपा घालत होता, तोवर गिऱ्हाईक गेलं, माणसं गेली आणि मग गाळाही गेला. माझ्यासमोर सुदामकडे येऊन रडला. "सुदामशेठ, तुम्हाला कसं जमतं? मला पण सांगा ना." आणि माझा देवमाणूस दोस्त त्याला काय म्हणाला? "तुझे कागद अपुरे असतील रमाकांत." मी लेथवर होतो. माझा हात थांबला, टूल पितळेत रुतलं, बुश बाद झाला. तो बुश मी भंगारात टाकला आणि दुसरा लावला.  सुदाम त्या दिवसापासून जरा कडक झाला. ज्यांना लाच द्यावी लागते ते आळशी, कागदात कच्चे, असं त्याला खरंच वाटायला लागलं. हे त्याला मी करून ठेवलं.

दुसरं त्याहून वाईट. एका मोठ्या पंपवाल्याने आमचा माल बघून सांगितलं, महिन्याला पाचपट द्या, पाच वर्षं घेतो. सुदाम दोन दिवस जमिनीवर नव्हता. नवी मोठी मशीन, शेजारचा गाळा, वीस माणसं, वहीत चित्रं काढून दाखवायचा मला. मी मनात हिशोब केला तो वेगळाच. मोठी मशीन म्हणजे वीज वाढवून मागायची, शेजारचा गाळा म्हणजे भिंत काढायची, वीस माणसं म्हणजे आणखी खाती दाराशी. एवढी तोंडं माझ्या बोनसमध्ये बंद होणार नव्हती. मग सुदामला कळलं असतं. म्हणून मी नाही म्हणत राहिलो. "मेल्या, या वयात उड्या नको. आहे ते बरं आहे. मोठं गिऱ्हाईक उद्या गेलं तर?" रोज जेवताना तेच. शेवटी एक दिवस त्याने वही मिटली. "तू म्हणतोस तर राहू दे. तुझं डोकं थंड आहे." ते काम कुणा परराज्यातल्या कारखान्याला गेलं. लोक म्हणतात मराठी माणसाला धंदा मोठा करता येत नाही, हिंमत नाही. असेलही. पण आमच्या गाळ्यापुरतं सांगतो, हिंमत होती. लहान राहिलं की लपून राहता येतं, म्हणून आम्ही लहान राहिलो. पाकिटात गेले ते पैसे मला आठवत पण नाहीत. जी बारा माणसं आमच्याकडे कधी लागलीच नाहीत त्यांचं कुठं लिहिलेलं नाही, ती कुठल्या पेपरात येत नाहीत.

यावर इलाज काय, हे सुदामला विचारायचं. सरकारला पत्रं लिहायचा, प्रत्येक पत्राची पोच मागायचा. त्याचं म्हणणं साधं. ज्याच्या टेबलावर अर्ज थांबलाय त्याचं नाव आणि किती दिवस थांबलाय तो आकडा बाहेर भिंतीवर लावा, रोज बदला. मुदत संपली की अर्ज मंजूर धरा. तपासणीला येणाऱ्याने का आला ते आधी लिहून द्यावं. आणि देणाऱ्याने येऊन सांगितलं तर त्याला आधी संरक्षण द्या, मग प्रश्न विचारा. मला ते तेव्हाही पटायचं, आजही पटतं. पण मी कचेरीच्या भिंतीवर बघितलं ते काय? 'लाच मागितल्यास कळवा' असा फलक, आणि त्याच्याखालच्या बाकावर बसून दलाल आमची वाट बघतोय. पुढं सगळं कॉम्प्युटरवर आलं. सुदाम म्हणाला, आता माणूसच मध्ये नाही, आता खाणार कोण? पहिल्या अर्जाला उत्तर आलं, त्रुटी आहे. कुठली ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर अनोळखी नंबर. "तुमच्या अर्जात त्रुटी आलीय ना? मी सांगतो कुठली." मला नाही वाटत हे कधी थांबेल. माझ्या हयातीत तर नाहीच. घेणाऱ्याला पकडायच्या सगळ्या युक्त्या आहेत, पण माझ्यासारखा देणारा जो चांगुलपणाने देतो, दोस्तीखातर देतो, त्याला कुठली युक्ती धरणार?

वैशालीचं सांगायचं राहिलं. डिप्लोमा केलेली, मोठ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होती. बाप आजारी पडल्यावर नोकरी सोडून गाळ्यात आली. तिला कॉम्प्युटरवर चालणारी मशीन बसवायची होती. मशीनचा ॲडव्हान्स दिला, एका पंपवाल्याचं काम पक्कं केलं आणि वीज वाढवायचा अर्ज केला. भोईवाड्याचा संतोष म्हणून ती मशीन चालवणारा चांगला माणूस होता, त्याच्या कारखान्याला कुलूप लागलेलं, बायको-दोन मुलं घरात. त्याला मीच शब्द दिला होता. "दुसरीकडे जाऊ नकोस, मशीन आली की तुला पहिला बोलावतो." अर्जाला आठ महिने झाले. त्रुटी, उत्तर, परत त्रुटी. वैशाली कागद जोडत राहिली. सुदाम खाटेवरून सांगायचा, "देऊ नकोस. मी नाही दिले, चाललं ना?"

मागच्या आठवड्यात ती संध्याकाळी गाळ्यात आली. माणसं गेली होती. पंपवाल्याने पंधरा दिवसांची मुदत दिली होती आणि त्या अनोळखी नंबरवाल्याचा उद्या शेवटचा फोन येणार होता. ती स्टुलावर बसली. "काका, बाबांनी कसं केलं हो? मी सगळी फाइल उलटसुलट बघितली. त्यांच्या कागदात पण त्रुटी आहेत. तो पोटमाळा तर कुठंच मंजूर नाही. मग त्यांना कुणी का नाही धरलं? माझंच काय चुकतंय?"

रमाकांतने हेच विचारलं होतं. तेव्हा मी गप्प बसलो होतो... या वेळी सांगितलं. समया सांगितल्या, पाकिटं सांगितली, रमाकांत सांगितला, इस्पितळातली खिडकी पण सांगितली. मोठं काम मी कसं मोडलं ते पण सांगितलं.  झाल्यावर म्हणाली, "बाबांना कधीच नाही कळलं?"

"नाही."

"तुम्ही त्यांना जिंकू पण दिलं नाहीत काका, हरू पण नाही दिलंत."

मी म्हटलं, "पोरी, मी आठ घरं..."

"माहीत आहे. म्हणून तर शिव्या पण देता येत नाहीत तुम्हाला."  मी विचारलं, उद्या फोन आला की काय सांगणार? म्हणाली, "नाही म्हणून सांगणार. मशीनचा ॲडव्हान्स परत मागते. मिळेल तेवढा मिळेल."

"अगं पण एकदाच द्यायचंय. देऊन टाक. मी देतो." हे माझ्या तोंडून निघालं, एवढं सगळं सांगून झाल्यावर.

ती हसली, पण ते हसू बरं नव्हतं. "एकदाच कधी होतं काका? तुम्हीच आता तासभर सांगत होतात. मशीन आली की दर दिवाळीला येतील. मग मी पण लहान राहायला शिकेन, तुमच्यासारखी. त्यापेक्षा आत्ताच लहान राहते. निदान कुणाच्या पाया पडून नाही." गाळा जसा आहे तसा जमेल तितके दिवस चालवायचा आणि मग बंद करायचा, असं ठरवून ती उठली. जाताना म्हणाली, "संतोषला मी नाही सांगू शकत. तुम्ही शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भोईवाड्याला गेलो. तिसरा मजला, दम लागला. संतोष अंघोळ करून केस पुसत होता. मला दारात बघून त्याने बायकोला हाक मारली, "अगं, काका आले, चहा टाक." तीही पदर सावरत बाहेर आली. दोघांच्या तोंडावर एकच होतं. संतोष म्हणाला, "कधीपासून येऊ काका?"

मी म्हटलं, "येऊ नकोस. मशीन येत नाही."

"परवानगी नाही मिळाली?"

"पैसे मागतात. वैशाली द्यायला तयार नाही."

तो खाटेवर बसला. टॉवेल हातातच. "मोठ्या शेठच्या लेकीला शोभतं ते," म्हणाला. "पण शेठनी कसं चालवलं हो इतकी वर्षं? काही न देता?"

"त्याने नाही दिले. मी द्यायचो, त्याच्या मागे."

 आत स्टोव्हवर चहा उकळल्याचा आवाज येत होता. मला वाटलं आता हा थुंकेल. थुंकला असता तर बरं झालं असतं. तो अगदी साधेपणाने म्हणाला, "मग आता का नाही देत, काका?"

त्याची बायको कप घेऊन उभी होती. मी चहा घेतला नाही. चपला घातल्या आणि कठड्याला धरून जिना उतरलो.